बौद्धाचार्याचा घसा

दिवाळीनंतर माझा घसा बसला तो बसलाच. आधी वाटलं फटाक्यांचा धूर असेल, मग वाटलं थंडी असेल, मग म्हटलं चाकणची धूळ, दुसरं काय. होळी जवळ आली तरी घसा आपला तिथेच. सकाळी उठल्यावर पहिला शब्द बाहेर पडायला दोन-तीनदा खाकरावं लागायचं, आणि जो बाहेर पडायचा तो आवाज माझा नसायचाच. घशात काहीतरी अडकलंय असं सारखं वाटायचं. गिळलं तरी खाली जात नाही, खोकलं तरी वर येत नाही. ताप नाही, सर्दी नाही, नाक वाहत नाही. नुसता घसा. एवढा वैताग मला आयुष्यात कुठल्याच दुखण्यानं दिलेला नाही, आणि एकदा माझा पाय प्लास्टरमध्ये होता तेव्हाचं धरून सांगतोय.

मी चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत प्रेस शॉपमध्ये लाइन लीडर आहे. म्हणजे ओरडण्याचं काम. पत्र्यावर प्रेस पडतो तेव्हा शेजारचा माणूस काय बोलतो ते कळत नाही, त्यात सगळ्यांच्या कानात प्लग, त्यामुळे जे सांगायचं ते बोंबलूनच सांगायचं. आणि रविवारी मी बौद्धाचार्य असतो. आमच्या समाजात लग्न लावायला भटजी नसतो. आमच्यातलाच कुणीतरी शिकून, शिबिर करून तयार होतो, तोच पांढरा शर्ट आणि पांढरी पँट घालून लग्न लावतो. त्रिशरण-पंचशील म्हणायचं, सगळ्या मंडपाकडून म्हणवून घ्यायचं, नवरा-नवरीकडून प्रतिज्ञा वदवून घ्यायच्या, शेवटी मंगल गाथा. रहाटणी-काळेवाडी भागात माझ्या आवाजाला मागणी होती. माइक बंद पडला तरी मागं खुर्च्यांवर बसून गप्पा मारणारे गप्प व्हायचे. आता ही बढाई वाटेल. असू दे, आहेच थोडी.

आणि मे महिन्यात माझ्या मुलीचं लग्न होतं. एकुलती एक. ताथवड्याला इंजिनिअरिंग केलं, आता आयटीत आहे, मुलगाही तिच्याच कंपनीतला. सुपारी फुटली त्याच दिवशी तिनं दोन्हीकडच्या माणसांसमोर सांगून टाकलं, "लग्न पप्पा लावणार. दुसरं कुणी नाही." सगळे हसले, मीही हसलो. घसा तेव्हाही बसलेलाच होता, पण मला वाटलं होतं, हा काय, आठवड्यात सुटेल.

मग डॉक्टर सुरू झाले. पहिला आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसतो तो. त्यानं टॉर्च मारला, "लाल आहे" म्हणाला आणि अँटिबायोटिक दिलं. कोर्स संपला, घसा तसाच. त्यानं त्याहून स्ट्राँग दिलं. त्यानं पोट बिघडलं, घसा तसाच. कंपनीतल्या डॉक्टरांनी तर टॉर्चही मारला नाही. "मिठाच्या गुळण्या करा, वाफ घ्या, नेक्स्ट." तिसऱ्यानं धुळीची अ‍ॅलर्जी म्हणून गोळी दिली. तिनं मी दिवसभर पेंगायचो, आणि प्रेसपाशी पेंगणं म्हणजे हात गमवायची तयारी, म्हणून ती मीच बंद केली.

पण खरा संताप यायचा तो त्यांच्या पहिल्या प्रश्नाचा. "तंबाखू?" नाही. "गुटखा, मावा?" नाही. "सिगरेट? घेता वगैरे?" नाही हो! मग डॉक्टर गालातल्या गालात हसणार. "अहो, खरं सांगा. डॉक्टरांपासून काय लपवायचं?" अरे, काय लपवू? मंडपाच्या मंडपाकडून मी पाचवं शील म्हणवून घेतो, नशा आणणारं काही घेणार नाही म्हणून. आणि मी पुडी खिशात घेऊन फिरेन? एकाला मी तोंड वासून दातच दाखवले. तो म्हणाला, "हं, स्वच्छ आहेत," आणि कागदावर प्रश्नचिन्ह काढलं. डोकं असं फिरलं की सांगता सोय नाही.

डॉक्टर परवडले, पण सल्ले देणारे नकोत. कंपनीच्या बसमध्ये बसलो की सुरू. "राव, सकाळी उपाशीपोटी लिंबू पिळून गरम पाणी." "भाऊ, पेपरमिंटची गोळी जिभेखाली ठेवायची, दिवसभर." "गूळ खा, गूळ." आमच्या ग्राइंडिंगला धुळीवर उतारा म्हणून रोज गूळ वाटतात, तिथला एक जण माझ्यासाठी मूठभर आणून द्यायला लागला. माझ्या बहिणीनं फोनवर काढा सांगितला: सुंठ, मिरे, लवंग, तुळस, वरून लिंबू. बायकोनं तो इमानेइतबारे करायला घेतला. आणि मी यातलं काही म्हणजे काही सोडलं नाही. सकाळी लिंबू, दिवसभर पेपरमिंट, चहा तर आमच्या शॉपमध्ये पाण्यासारखा चालतो, आणि रात्री झोपताना तो काढा. पिताना डोळ्यांतून पाणी यायचं. बायको म्हणायची, "झोंबतंय ना? म्हणजे लागू पडतंय." मलाही ते पटायचं.

माझी बहुतेक दुसरी शिफ्ट असते. मध्यरात्री सुटायचं, बसनं रहाटणीला यायचं, तोवर एक वाजून गेलेला. बायको माझ्यासाठी थांबलेली असते. लग्न झाल्यापासून आमचं असंच आहे. ती गरम भाकरी टाकते, दोघं जेवतो, दिवसभराचं जे काय असेल ते बोलतो, आणि भांडी मोरीत पडायच्या आत मी अंथरुणावर. सेकंड शिफ्टवाल्या प्रत्येक घरात हेच चालतं. यात काही चूक असेल असं कुणाच्या मनातही येत नाही.

फेब्रुवारीत काळेवाडीतल्या एका लग्नात पंचशील कसंबसं ओढलं आणि गाथेला आवाज साफ गेला. तोंड हलतंय, माइकमधून नुसती हवा. मुलाच्या मामांनी पुढं होऊन गाथा पुरी केली. मी तिथं पांढऱ्या कपड्यांत उभा. काय करू, कुठं बघू? जेवायला बसलो तर मागच्या रांगेतून ऐकू आलं, "घेत असणार रे. चोरून घेणाऱ्याचाच असा बसतो." ताट तसंच ठेवून उठलो. भांडावं म्हटलं तर भांडायला आवाज कुठून आणू?

हे असलं पसरायला वेळ लागत नाही. पंधरवड्यात आमचे व्याही घरी आले. बँकेतून रिटायर झालेला माणूस, बोलणं तुपाचं. चहा घेतला, तब्येतीची चौकशी केली आणि म्हणाले, "तुम्ही मुलीचे वडील. त्या दिवशी तुम्ही निवांत बसायचं, सोहळा बघायचा. आमच्याकडं एक बौद्धाचार्य आहेत. खणखणीत आवाज आहे." मी म्हणालो, "माझा घसा होईल बरा." म्हणजे म्हणायला गेलो. निघालं ते बेडकासारखं. व्याह्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, समजूत काढावी तसा. मला तो हात झटकून टाकावासा वाटला. मुलगी स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि त्यांच्यासमोर शांतपणे म्हणाली, "पप्पा लावणार नसतील तर मी कोर्टात जाऊन सही करते. हॉल कॅन्सल करू." व्याह्यांचा कप तिथंच थांबला. मी पोरीवरच डाफरलो, मोठ्यांपुढं असं बोलतात का म्हणून. पण ती आत गेल्यावर बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं, एवढं सांगतो.

तेव्हापासून मी घरात कुजबुजत बोलायला लागलो. आवाज वाचवायचा, लग्नापर्यंत साठवायचा, असा माझा हिशोब. बायको वैतागून म्हणायची, "अहो, नीट बोला ना, चोर शिरल्यासारखं काय?" मनात वेगळंच चाललेलं होतं. आमच्याच शॉपच्या एका फोरमनचा आवाज असाच बसला होता, आणि पुढं त्याच्या घशाचं ऑपरेशन झालं. तो आता गळ्याला हात लावून बोलतो. मला भीती वाटत होती. साधी, सरळ भीती. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं की ते खरं होईल असं वाटायचं.

शेवटी मुलीनंच ऑफिसमधून सुट्टी घेतली आणि मला गाडीवर मागं बसवून चिंचवडला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं नेलं. बाई होत्या, माझ्या मुलीपेक्षा पाच-सात वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "आवाज बसून किती झालं?" मी सांगितलं, दिवाळीपासून. त्यांनी पेन खाली ठेवलं. "तीन आठवड्यांच्या वर आवाज बसला की आत बघायलाच हवं. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?" कुणी नाही हो बाई, सगळे गोळ्याच देत होते.

त्यांनी नाकात फवारा मारला, नाक बधिर झालं, मग एक बारीक नळी नाकातून घशात. शेजारी स्क्रीनवर माझा घसा. मी डोळे मिटून घेतले. मुलीनं मनगट धरलं होतं, तिची नखं रुतत होती, तीही घाबरलेली होती म्हणजे. "ई म्हणा," बाई म्हणाल्या. मी ई म्हणालो. "गाठ नाही," त्या म्हणाल्या. "कॅन्सरसारखं काहीही नाही. डोळे उघडा." उघडले. पहिल्यांदा काही दिसेचना, डोळे भरले होते.

मग त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं. आवाजाच्या पडद्यांची मागची बाजू लालभडक, सुजलेली. "हे जंतूंचं नाही. म्हणून अँटिबायोटिकनं काही झालं नाही. हे तुमच्या पोटातलं अ‍ॅसिड आहे. झोपेत वर येतं आणि घसा भाजतं." मला पटेना. म्हटलं, मला जळजळ नाही, आंबट ढेकर नाही, पोट माझं ठणठणीत. "घशाच्या या दुखण्यात पुष्कळांना जळजळ होतच नाही," त्या म्हणाल्या, "म्हणून तर ध्यानात येत नाही. जेवता कधी?"

"रात्री एक-दीडला."

"आणि झोपता?"

"जेवलो की लगेच."

बाईंनी मुलीकडं पाहिलं. मुलीनं माझ्याकडं. "आणि घशासाठी घरी काय काय केलंत?" मी सगळं सांगितलं, जरा अभिमानानंच, की बघा, आम्ही काही हयगय केलेली नाही. उपाशीपोटी लिंबू, पेपरमिंट, झोपताना सुंठ-मिऱ्याचा काढा. त्या एकेक ऐकत होत्या आणि एकेकाला मान हलवत होत्या. लिंबू बंद. पेपरमिंट बंद, त्यानं पोटाच्या तोंडाची झडप सैल पडते. काढा बंद. चहा कमी. आणि ते कुजबुजणं तर आजच्या आज बंद, त्यानं पडद्यांवर ताणच येतो. बोला ते हळू, पण नेहमीच्या आवाजात. सारखं खाकरणंही बंद, खाकरलं की पडदे एकमेकांवर आपटतात. खाकरावंसं वाटलं की घोटभर पाणी प्या. कपाळ माझं! म्हणजे इतके महिने मी औषध म्हणून जे जे केलं ते सगळं दुखणंच होतं. आणि वर प्रेस शॉपमधलं ओरडणं. चीड आली मला, डॉक्टरांची, बहिणीची, बसमधल्या त्या सगळ्या शहाण्यांची. आणि सगळ्यांत जास्त माझी.

"किती दिवसांत बरं होईल?" मी विचारलं.

"दोन-तीन महिने द्यायला लागतात. घसा सावकाश भरतो."

लग्नाला जेमतेम दीड महिना होता. "मॅडम, मला लग्न लावायचंय," मी म्हणालो, "हिचं." त्या म्हणाल्या, "मग आजपासूनच सुरू करा."

सकाळी नाश्त्याच्या आधी एक गोळी. हे सोपं. रात्रीचं जेवण झोपण्याआधी तीन तास. हे कसं करायचं ते दुसऱ्या शिफ्टवाल्यानं कुणाला विचारायचं? मॅनेजरकडं जनरल शिफ्ट मागितली. "घशासाठी शिफ्ट?" म्हणून तो हसला. उद्या एखादा नखासाठी मागेल, म्हणाला. तेव्हा राहिलं कँटीन. आठच्या सुट्टीत तिथं जेवायचं आणि घरी काही म्हणजे काही खायचं नाही. पहिल्या दिवशी बायकोला सांगितलं. भाकरीचं पीठ मळलेलं होतं, ते तिनं झाकून ठेवलं. मग म्हणाली, "म्हणजे आता मी कुणासाठी थांबायचं?" अगं, घशासाठी आहे, म्हटलं. "कळलं की," ती म्हणाली आणि तोंड फिरवून झोपली. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. दिवसभरात आमची गाठ पडायची ती त्या ताटांवरच.

पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा लावायच्या होत्या, म्हणजे पलंग तिरपा होतो आणि अ‍ॅसिड वर येत नाही. लावल्या. सकाळपर्यंत दोघं घसरत घसरत पायथ्याशी. बायको चिडून म्हणाली, "ही काय घसरगुंडी मांडलीय?" लाइनवर ओरडायचं नाही म्हणून गळ्यात शिट्टी अडकवली आणि हातवाऱ्यांनी कामं सांगायला लागलो. पोरं मला रेफरी म्हणायला लागली. एकानं तर लाल कार्ड आणून दिलं. हसले सगळे, मीही हसलो, पण आत उकळत होतो. रोज सकाळी उठून पहिला शब्द बोलून बघायचो. तोच घोगरा, तोच तुटका. दोन आठवडे काहीच नाही. वाटलं, ही बाईपण चुकली.

मग एप्रिल संपता संपता एका सकाळी बायकोला हाक मारली आणि ती स्वयंपाकघरातून तशीच बाहेर आली. "परत मारा," म्हणाली. परत मारली. माझाच आवाज होता. थोडा पातळ, थोडा खरखरीत, पण माझा. तिनं चहा ठेवला, नेहमीच्या निम्मा. व्याह्यांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "आनंद आहे. तरी आमचे बौद्धाचार्य येऊन बसतील. असू द्या, जोडीला." मी दात-ओठ खात "असू द्या" म्हणालो.

लग्नाच्या दिवशी ते गृहस्थ खरंच आले. पांढरेशुभ्र कपडे, पहिल्या रांगेत बसून माझ्याकडं बघत होते. मी माइक तोंडाला लावला आणि बाईंनी सांगितल्यासारखं सावकाश, न ताणता सुरू केलं. प्रतिमांना वंदन, त्रिशरण, पंचशील. हॉलमध्ये नेहमीसारखा गलका. फोटोवाला ओरडतोय, पोरं धावतायत, पूर्वी मी एका दमात गप्प केलं असतं. आता नाही करता येत, याचाही राग आला, पण थांबलो नाही. पाचवं शील मागच्यांनाही ऐकू गेलं. व्याही मान डोलवत होते. माझा जीव भांड्यात पडला.

मग प्रतिज्ञा. आधी मुलाची. मी एकेक वाक्य सांगायचं, त्यानं मागून म्हणायचं. झाली. मग तिची. "आजपासून," मी म्हणालो, आणि पुढचा शब्द आलाच नाही.

ही प्रतिज्ञा मी इतक्या पोरींकडून म्हणवून घेतलीय की झोपेतही सांगेन. आजपासून मी याची पत्नी. आजपासून. ती समोर पांढऱ्या साडीत उभी, माझ्याकडं बघत. मी तोंड उघडलं, बंद केलं, परत उघडलं. हॉल एकदम शांत झाला. पहिल्या रांगेतले ते बौद्धाचार्य उठले, माइक घ्यायला पुढं आले. तिनं त्यांच्याकडं न बघता हात आडवा केला. तिला पुढचं सगळं पाठ होतं, लहानपणापासून ऐकलंय. म्हणू शकली असती एका दमात. पण माझ्या सांगण्याशिवाय तिला म्हणायचं नव्हतं. ती थांबली. मुलगाही थांबला.

मागून कुणीतरी म्हणालं, "घसा गेला वाटतं परत." घसा अजिबात दुखत नव्हता. त्या दिवशी तो चांगला होता, दिवाळीनंतर पहिल्यांदाच इतका चांगला. माझी पोर चालली होती, आणि ते वाक्य मलाच सांगायचं होतं. मी घोटभर पाणी प्यायलो, तिच्याकडं बघितलं आणि सांगितलं. तिनं माझ्या मागून म्हटलं, शब्दाला शब्द, माझ्याइतक्याच हळू आवाजात.